टेबलावर सध्या काय आहे आणि का

माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाबद्दल मला दोन प्रश्न नेहमी जोडीनेच विचारले जातात. पहिला, ‘सध्या टेबलावर काय चालू आहे?’ आणि त्याचे उत्तर पुरते देऊन होण्याआधीच दुसरा, ‘पण हे सगळे तयार मिळते की! मग घरी करत बसायचे कशाला?’ नातेवाईक विचारतात, सोसायटीतले शेजारी विचारतात आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्यांच्याकडून मी सुटे भाग घेते, ते दुकानदारही कधीमधी विचारतात. पैसे वाचतात म्हणून करते, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. सुट्या भागांची बेरीज केली तर तयार वस्तू बहुतेक वेळा स्वस्तच पडते. माझ्या टेबलावर एखादी वस्तू मुक्कामाला राहते ती एकाच कारणाने: कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे कळेपर्यंत ती वस्तू डब्यात बंद करायला मन घेत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून सध्याच्या तीन वस्तूंच्या निमित्ताने हे जरा सविस्तर सांगते.

पहिली वस्तू म्हणजे गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारे यंत्र. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांमध्ये टाकीत धातूच्या कांड्या सोडलेल्या असतात. पाणी दोन कांड्यांना टेकले की त्यातून थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि दिवा लागतो. कल्पना चांगली आहे, पण त्या कांड्यांना अखंड डीसी, म्हणजे एकाच दिशेचे, व्होल्टेज दिले की पाण्याचे विद्युत अपघटन सुरू होते. धन बाजूची कांडी हळूहळू झिजते आणि ऋण बाजूच्या कांडीवर पाण्यातील क्षारांचा पांढरा थर चढतो. व्होल्टेज मोजण्यापुरतेच क्षणभर द्यावे आणि दर वेळी त्याची दिशा उलटी करावी, म्हणजे हे पुष्कळसे टळते. मी मात्र पाण्याला हात न लावणारा मार्ग घेतला: झाकणाखाली श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीचा सेन्सर बसवायचा, त्याने खाली सोडलेला ध्वनी पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मायक्रोकंट्रोलरने (छोट्या संगणक-चिपने) मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. या जलरोधक सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतले काहीच दिसत नाही, म्हणून तो झाकणावर पाइपचा तुकडा उभा करून त्याच्या माथ्यावर बसवावा लागतो, एवढे ठाऊक असले की बाकी जोडणी अर्ध्या दिवसाची आहे.

पण उन्हाळा लागला आणि या यंत्रात एक गंमत दिसू लागली. दुपारी कॉर्पोरेशनचे पाणी येत नसताना, मोटर बंद असताना, टाकीतली पातळी आपोआप वर चढे आणि रात्री पुन्हा खाली येई. टाकी गळत नव्हती आणि भरतही नव्हती. बदलत होता तो हवेतला ध्वनीचा वेग. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की सुमारे ०.६ मीटरने वाढतो. २५ अंशांना तो ३४६ होतो आणि ४५ अंशांना, म्हणजे उन्हात तापलेल्या काळ्या टाकीच्या पोटात, ३५८ च्या पुढे जातो. फरक साडेतीन टक्क्यांचा. टाकी तळाला गेली असेल आणि पाणी सेन्सरपासून एक मीटर खाली असेल तर प्रतिध्वनी जवळजवळ २०० मायक्रोसेकंद लवकर परततो, यंत्राला पाणी साडेतीन सेंटिमीटर वर आल्यासारखे वाटते, आणि हजार लिटरच्या टाकीत एवढ्या उंचीला सुमारे तीस लिटर बसतात. एका माणसाच्या आंघोळीचे पाणी नुसत्या उन्हाने निर्माण झाले म्हणायचे!

त्यावरचा उपाय पुस्तकी आहे: शेजारी तापमानाचा सेन्सर ठेवावा आणि वेगाचा आकडा दर वेळी त्यावरून काढावा. अर्ध्या अंशाची चूक गृहीत धरली तरी एक मीटरमागे एक मिलिमीटरसुद्धा फरक पडत नाही. प्रत्यक्षात तो पडला, कारण टाकीतली हवा एकसारखी तापत नाही. झाकणाखालचा थर सर्वांत गरम आणि पाण्याला टेकलेला थर त्या मानाने पुष्कळ थंड. तापमान कुठले धरायचे? एका परिचितांनी सुचवले की ठरावीक अंतरावर एक पट्टी टांगावी आणि तिच्या प्रतिध्वनीशी पाण्याच्या प्रतिध्वनीची तुलना करावी, म्हणजे थर्मामीटरच नको. सूचना सुरेख आहे, पण माझे मॉड्यूल, म्हणजे सेन्सरसोबतचे तयार सर्किट, फक्त पहिल्या प्रतिध्वनीची वेळ सांगते, त्यामुळे पट्टी दिसली की पाणी दिसेनासे होते. आता वर एक आणि पाण्याच्या जवळ तरंगता दुसरा असे दोन तापमान सेन्सर लावून सरासरी घेते आहे, आणि त्या दोन आकड्यांची रोजची नोंद हेच सध्या या कामाचे खरे स्वरूप आहे. पाण्याची पातळी बघायला तर झाकण उचलले तरी भागते.

दुसरी वस्तू अगदी साधी आहे, टेबलासाठी लागणारा पॉवर सप्लाय. यात नवे काहीच नाही: १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज रेक्टिफायर, विजेचा साठा धरणारा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर चिप एलएम ३१७. हे काम ज्यांनी केले आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

पंधरा व्होल्ट एसीचे शिखर २१ व्होल्टवर असते. दोन डायोडांचे मिळून दीड-दोन व्होल्ट गेले की साडेएकोणीस उरतात, आणि एक अँपिअर घेतला तर कपॅसिटरवर सेकंदाला शंभरदा सुमारे दोन व्होल्टचा खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी रेग्युलेटरला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात, त्यामुळे स्वच्छ असे पंधराच हाती येतात. हा हिशेब भिंतीतून २३० व्होल्ट येत असतील तर. संध्याकाळी ते २०५ वर उतरले की आउटपुट तेराच्या पुढे गेल्याबरोबर ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) शंभर हर्ट्‌झचे दात दिसू लागतात. उलट, पाच व्होल्टला एक अँपिअर घ्यायचा झाला तर वापरायचे पाच वॅट आणि हीटसिंक तापवण्यात घालवायचे साडेतेरा, हा व्यवहार मला पटत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर ९ आणि १५ व्होल्ट अशा दोन टॅपचा (जोडबिंदूंचा) करून घेतला आहे आणि सहा व्होल्टच्या खाली रिले (विजेवर चालणारा स्विच) आपोआप नऊचा टॅप निवडतो. तेवढ्याने उष्णता पाच वॅटवर येते. सहाच्या उंबरठ्यावर रिलेने टकटक करत बसू नये म्हणून जाताना एक आणि येताना दुसरा असे दोन उंबरठे ठेवावे लागतात, आणि ते जुळवण्याचे काम चालू आहे. एवढे सगळे करण्यापेक्षा वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा, कमी तापणारा स्विचिंग सप्लाय घ्यावा, हे मला मान्य आहे. फक्त माझ्या तिसऱ्या वस्तूच्या शेजारी मला तो चालू नको आहे.

स्विचिंग सप्लाय रेडिओत खरखर मिसळतो, आणि हा त्रास रेडिओवाल्यांना चांगला ठाऊक आहे. आमच्या हौशी मंडळींतले एक निवृत्त शिक्षक जुना व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ दुरुस्त करत आहेत. त्यांनी गळके पेपर कपॅसिटर बदलले, गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) साफ केला, आणि तरीही ७९२ किलोहर्ट्‌झवरचे पुणे आकाशवाणी केंद्र खरखरीतून वर येईना. शेवटी त्यांनी घराचा मेन स्विच बंद करून बॅटरीवरचा खिशातला रेडिओ लावून पाहिला, तेव्हा केंद्र स्वच्छ ऐकू आले. खरखर घरातल्या एलईडी दिव्यांमधल्या आणि चार्जरमधल्या स्विचिंग सप्लायमधून येत होती. त्या व्हॉल्व्ह रेडिओच्या काळात मध्यम लहरींना घरातून एवढा उपद्रव नव्हता, त्यामुळे रेडिओच्या आत शोधत राहून उत्तर कधीच मिळाले नसते.

आता तिसरी वस्तू. ती पाहून लोक हमखास हसतात, कारण ती पत्र्याचे मोठे नरसाळे आहे. आकाशगंगेतील हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेवर अत्यंत क्षीण उत्सर्जन करतो. तरंगलांबी २१ सेंटिमीटर. हे घडत असणार हे १९४४ साली नेदरलँड्‌सच्या हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी सांगितले आणि १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्डच्या हॅरॉल्ड इवेन व एडवर्ड पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेल्या अशाच नरसाळ्याने ते प्रत्यक्ष टिपले. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपुढे माझा पत्रा म्हणजे काहीच नव्हे, पण आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन पकडायला तो पुरतो. नरसाळ्याच्या बुंध्याशी पाव तरंगलांबीची, म्हणजे सव्वापाच सेंटिमीटरची तार, तिला लगेच टेकून कमी गोंगाटाचा अँप्लिफायर व फिल्टर, आणि पुढे टीव्ही बघण्यासाठी बनवलेली व आता जगभरचे हौशी लोक रेडिओ म्हणून वापरतात ती यूएसबी डाँगल. फिल्टर हवाच, कारण ९०० आणि १८०० मेगाहर्ट्‌झचे मोबाइल टॉवर शेजारीच उभे आहेत. काही मिनिटांची सरासरी घेतली आणि आकाशाच्या रिकाम्या भागाचा आलेख वजा केला की हंस तारकासमूहाच्या दिशेला एक स्पष्ट उंचवटा उमटतो.

तो उंचवटा १४२०.४ वर नेमका बसत नाही, हे अपेक्षितच होते, कारण आकाशगंगेच्या भुजा फिरत आहेत आणि आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे वारंवारता सुमारे ४.७ किलोहर्ट्‌झने सरकते. मला गुंतवून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने: तीच दिशा, तेच नरसाळे, आणि उंचवटा महिन्यामहिन्याला जागा बदलतो. डाँगलमधला, वारंवारतेचे माप ठरवणारा क्रिस्टल तापमानाने सरकत असेल, असा पहिला संशय. तो काही प्रमाणात सरकतोही. पण उरलेला मोठा भाग पृथ्वीचा आहे. ती सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे मेअखेर आपण हंसाकडे धावत असतो आणि नोव्हेंबरअखेर त्याच्यापासून दूर. त्या दिशेपुरता हिशेब केला तर दोन टोकांमधला फरक दीडशे किलोहर्ट्‌झच्या आसपास येतो. पृथ्वीची प्रदक्षिणा शाळेत पाठ केलेली असते. ती पत्र्याच्या नरसाळ्याने घरबसल्या मोजता येते हे समजल्यावर मी ते विकत का घेत नाही, असे कोणी विचारत नाही. अजून क्रिस्टलचा आणि पृथ्वीचा वाटा वेगळा करायचा आहे. त्यासाठी डाँगल एकाच तापमानात ठेवणारी छोटी पेटी करते आहे.

तयार मॉड्यूल जोडून काम करणाऱ्यांना काही जुनी मंडळी नावे ठेवतात. मला ते पटत नाही. माझ्या तिन्ही वस्तूंमध्ये तयार मॉड्यूल किंवा तयार चिप आहे, आणि प्रत्येक गोष्ट मुळापासून करायची म्हटली तर अर्धे आयुष्य कॉइल गुंडाळण्यात जाईल. मॉड्यूलने दिलेला आकडा मोजपट्टीशी ताडून न पाहता स्वीकारणे, एवढेच मला खटकते.

सुरुवात कशाने करावी, असेही आता तरुण मुले-मुली विचारू लागली आहेत. सोल्डरिंगचे साहित्य नंतर घ्या, आधी बरा मल्टिमीटर घ्या. मग घरातला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला १२ व्होल्टचा अडॅप्टर शोधा. २३० व्होल्टची बाजू उघडू नका, फक्त बाहेरच्या पिनेवर मीटर लावा. काही जोडलेले नसताना तो बहुधा सोळा-सतरा व्होल्ट दाखवेल. मग गाडीचा १२ व्होल्टचा छोटा दिवा त्याला जोडा, पुन्हा मोजा, आणि मधले व्होल्ट कुठे गेले त्याचा हिशेब कागदावर मांडा.