दोन दिवस हिंजवडी, तीन दिवस घर : टीमची घडी बसवताना

आमची अकरा जणांची सॉफ्टवेअर टीम. दोन दिवस हिंजवडीला, तीन दिवस घरून असं वेळापत्रक कागदावर यायला एक दुपार पुरली. ते नीट चालायला चार महिने लागले. त्यात काय केलं, काय फसलं आणि का, ते लिहितो.

सुरुवात नोंदींनी केली. दोन आठवडे प्रत्येकाने सामायिक शीटमध्ये तीनच रकाने भरायचे: काम कधी अडलं, कशामुळे, किती वेळ. स्क्रीनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर मुद्दाम टाळलं. माउस हलतोय की नाही एवढंच त्याला कळतं, आणि लोक दोन दिवसांत माउस हलवायला शिकतात. शीटमध्ये घरच्या गोंधळाच्या ओळी मोजक्याच निघाल्या. बहुतेक ओळी तीन प्रकारच्या होत्या: 'उत्तराची वाट पाहतोय', 'मीटिंगमध्ये ऐकूच आलं नाही' आणि 'हे ठरलं कधी?'

आधी वार बदलले. सोमवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ऑफिस ठेवलं होतं. कारण काय, तर आठवड्याची सुरुवात आणि शेवट एकत्र व्हावा. पण पुण्यात महावितरण देखभालीची कामं बहुधा गुरुवारी काढतं, पालिकेचं पाणीही बरेचदा त्याच वारी बंद असतं. म्हणजे घरून काम करायला आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस आम्ही घरी काढत होतो. गुरुवार ऑफिसला दिला, जोडीला मंगळवार. सोमवार घरी गेल्यामुळे गावाहून परतणाऱ्यांची धावपळही वाचली.

तरी वीज इतर दिवशीही जातेच. इथे एक चूक सगळेच करतात: राउटरला बॅकअप देतात आणि फायबरची वायर जिथे येते तो ओएनटीचा डबा विसरतात. दोन्ही चालू राहायला हवेत. छोटा डीसी यूपीएस, म्हणजे अडॅप्टरऐवजी थेट वीज देणारी बॅटरीची डबी, घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्टेज तंतोतंत जुळलं पाहिजे. अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. घरात इन्व्हर्टर असूनही वीज जाताच राउटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरवर यूपीएस आणि ईको असं बटण आहे का बघा. ईकोवर बॅटरीकडे वळायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर बंद पडतो. आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या नेटवर्क स्विचमधून (इंटरनेट घराघरांत वाटणारा डबा) साधी लॅनची केबल घरात येत असेल, तर त्या स्विचलाच वीज नसताना तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य. अशा दोघांनी मोबाइल हॉटस्पॉटचा वेगळा रिचार्ज ठेवला. हॉटस्पॉटवर व्हिडिओ बंद, फक्त आवाज, एवढा नियम पुरतो.

खरा वेळ खाल्ला तो मीटिंग रूमने. सात जण टेबलाभोवती, चार जण स्क्रीनवर. टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या एका लॅपटॉपचा माइक जवळच्या दोघांचं पकडतो, बाकीच्यांचा फक्त घुमणारा आवाज पलीकडे जातो. खोली काचेची असेल तर विचारूच नका. मग प्रत्येकाने आपापला लॅपटॉप उघडला, तर एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन शिट्टी सुरू झाली. शेवटी ठरलं ते असं: एकजण जरी घरी असेल तरी खोलीतल्या प्रत्येकाने लॅपटॉपवरून जोडायचं, पण आवाजाशिवाय. गूगल मीटमध्ये त्यासाठी कम्पॅनियन मोड आहे, मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये जोडताना ऑडिओ नको हा पर्याय. आवाज फक्त टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या एका स्पीकरफोनचा. त्यामुळे प्रत्येकाचं नाव आणि वर केलेला हात स्क्रीनवर दिसतो, चॅट सगळ्यांची एकच राहते. पांढऱ्या फळ्यावर लिहिणं बंद, कारण कॅमेऱ्यातून ते वाचता येत नाही. सामायिक डॉक्युमेंटवरच लिहायचं. आणि प्रश्न विचारल्यावर पहिली बोलण्याची पाळी घरून जोडलेल्यांची. खोलीतले लोक एकमेकांचं तोंड बघून बोलायला लागतात, तेव्हा पलीकडच्याला मध्ये शिरायला फटच सापडत नाही.

कॅलेंडरच्या सेटिंगमधून अर्ध्या तासाच्या मीटिंगा पंचवीस मिनिटांच्या केल्या. पाणी प्यायला पाच मिनिटं मिळाली, एवढंच.

'हे ठरलं कधी?' याचं उत्तर बहुधा टपरीवर असतं. चहा घेताना दोघंतिघं बोलतात, प्रश्न सुटतो, आणि घरी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत जुन्याच पद्धतीने कोड लिहीत राहतो. चहा थांबवणं शक्य नाही आणि थांबवूही नये. नियम केला: चहावर काही ठरलं तर जागेवर परतताच चार ओळी निर्णयांच्या चॅनलवर टाकायच्या. काय ठरलं, का, कोण करणार, कधीपर्यंत. पहिल्या पंधरवड्यात लोकांनी इतकं लिहिलं की कोणी वाचेना. मग गाळणी लावली: दुसऱ्या कुणाचं काम बदलत असेल तरच लिहायचं. 'का'ची ओळ लोक सर्रास गाळतात. ती गाळली की महिन्याभराने तोच वाद पुन्हा होतो.

वाट पाहण्याच्या ओळींचं मूळ निघालं 'हाय सर'मध्ये. नवीन मुलं अदबीने 'हाय सर' लिहून समोरच्याच्या उत्तरासाठी थांबतात. समोरचा मीटिंगमध्ये असतो, तासाने 'बोल' म्हणतो, तेव्हा मुलगा जेवायला गेलेला. अदब ठेवा, पण त्याच मेसेजात प्रश्न, स्क्रीनशॉट, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि उत्तर कधीपर्यंत हवं, हे सगळं टाका, असं सांगितलं. चॅटला दोन तासांत उत्तर, मेलला त्याच दिवशी, प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंट वापरतो ती चालू सिस्टीम, बंद पडलं असेल तर सरळ फोन. फोन फक्त त्यासाठीच राखल्यामुळे तो वाजला की सगळे उचलतात. रात्री सुचलेले मेसेज शेड्युल करून सकाळी नऊला पाठवायचे. साहेबांनी अकराला लिहिलं की खालचे अकराला उत्तर देतात, मग कितीही 'उद्या बघा' म्हणा.

पासवर्डचं एक बारीक दुखणं. मुदत संपत आलेला पासवर्ड घरी, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित दुवा) न जोडता ब्राउझरमधून बदलला, तर लॅपटॉप जुनाच मागत राहतो आणि नेटवर्क नवा मागतं. शेवटी खातं लॉक होतं. पासवर्ड बदलणं आणि मोठे अपडेट मंगळवारी, ऑफिसच्या नेटवर्कवरच.

आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे त्यांची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला. ऑफिसच्या दिवशी ती हिंजवडीतून घेतली की घरी पोचायला दहा वाजतात, आणि बुधवार-शुक्रवारची सकाळ अर्धी मेलेली असते. म्हणून मंगळवार-गुरुवारी सकाळी साडेआठला यायचं, दुपारी चारला वाकडच्या गर्दीआधी निघायचं आणि कॉल घरून घ्यायचा. चारला उठणाऱ्याकडे शेजारच्या टीमा अजून वळून बघतात. त्यामुळे निघताना कॅलेंडरवर 'कॉल साडेसहाला, घरून' असं सगळ्यांना दिसेल असं ठेवतो.