तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट एवढा गोड कसा?

प्रयोगशाळेत टायट्रेशन चालू असतं. पोरं ब्युरेटकडं डोळे लावून उभी. मी टेबलांमधून एक फेरी मारते आणि मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "कुठंतरी जिलेबी तळायलेत बघ." मी वळले की सगळ्यांचे चेहरे एकदम भोळे. स्टाफरूममध्ये हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो: "मॅडम, तुम्ही एवढ्या कडक, आणि सेंट असा बालूशाहीसारखा कसा काय?" जाऊबाईंना इस्त्रीची गरज वाटत नाही. त्या म्हणतात, "शुगर निघाली, खायचं बंद झालं, म्हणून लावायला लागली. दुसरं काय!"

जाऊबाईंचं आधी मिटवते. बाटली २०१७ सालची आहे आणि शुगर निघाली २०२१ला. आता बाकीच्यांचं.

सेंटचं नाव एंजल. थिएरी म्यूग्लर नावाच्या फ्रेंच फॅशन डिझायनरनं १९९२ साली तो बाजारात आणला, आणि बनवला ऑलिव्हिए क्रेस्प या अत्तरकारानं. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही कितीही म्हणालो तरी तो इथं मिळत नव्हता. भाचा दुबईहून येताना घेऊन आला. असल्या सेंटांना 'गुरमाँ' म्हणतात, म्हणजे खाऊच्या वासाचे. व्हॅनिला अत्तरात पूर्वीपासून होताच. गेर्लां या फ्रेंच कंपनीचं शालिमार हे अत्तर १९२५चं, त्यातही तो भरपूर आहे. पण अख्खा सेंटच मिठाईच्या दुकानासारखा करायचा, हे धाडस एंजलनं केलं आणि मग सगळ्यांनीच त्याची री ओढली.

त्यातला मुख्य ऐवज म्हणजे इथाइल माल्टॉल. पांढरी भुकटी असते. माल्टॉल हा त्याचा सख्खा भाऊ भाजलेल्या माल्टमध्ये, पावाच्या खरपूस कडेत आपोआप तयार होतो. इथाइल माल्टॉल मात्र कारखान्यात बनवावं लागतं आणि ते माल्टॉलच्या कितीतरी पट जोरदार असतं. वास कसा? जत्रेत मिळणाऱ्या गुलाबी बुड्ढी के बालचा. म्यूग्लरला म्हणे लहानपणीची जत्राच बाटलीत हवी होती. हे वाचलं तेव्हा मला एकदम आमचा उरूस आठवला. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. एका हाताला बुड्ढी के बालवाल्याची गाडी, दुसऱ्या हाताला अत्तरवाला, आणि अत्तरवाल्यानं कानात खोचलेला हिनाचा फाया. दोन्ही वास मिसळून जे होतं ते मी नऊ वर्षांची असताना हुंगलं होतं. फ्रेंच माणसाला ते बाटलीत भरायला सुचलं, आपल्याकडं कुणाला सुचलं नाही, एवढाच फरक.

पण नुसता गोडवा असता तर मी ती बाटली भाच्याच्या बायकोला देऊन टाकली असती. एंजलमध्ये गोडाच्या खाली पाचोली आहे, म्हणजे त्याच नावाच्या झुडपाच्या पानांचा अर्क, आणि चिमूटभर नव्हे, चांगली ओंजळभर. उग्र, मातकट, ओल्या पालापाचोळ्यासारखा वास. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये याच पानांचा थर देत. म्हणजे वर पाक आणि खाली जुनी पेटी. पहिल्या तासात लोकांना जिलेबी येते, चौथ्या तासात काय येतं ते कुणी विचारत नाही. तोवर कॉलेज सुटलेलं असतं.

आता स्वभावाचं. सेंट विकणारे सांगतात की गोड वास आवडणारी बाई प्रेमळ, लाघवी, मनानं लहान मूल. आपली मराठी याच्या अगदी उलट. गोडाबद्दल आपल्या भाषेला भलताच संशय. गुळचट माणूस, गोडबोल्या माणूस, गुळमुळीत उत्तर, साखरपेरणी, दोघांचं गूळपीठ. संक्रांतीला 'गोड बोला' असं सांगावं लागतं यातच सगळं आलं. माझ्या सहकाऱ्यांना यांपैकी नेमकं काय वाटतं ते मला ठाऊक नाही. पण मी लाघवी नाही हे त्यांना माहीत आहे, आणि गुळचटही नाही हे जर्नल तपासताना पोरांना कळतं.

खरं सांगायचं तर वास गोड नसतोच. गोड हे जिभेचं काम, नाकाला ते कळत नाही. वर्गात मी एक प्रयोग करते. व्हॅनिला इसेन्सची बाटली फिरवते, सगळे "आहाहा, गोड" म्हणतात. मग एकेकाच्या हातावर एक थेंब देते, चाटून बघा म्हणते. तोंडं बघण्यासारखी होतात. कडू! व्हॅनिलाचा वास आपण आइस्क्रीम, केक, बिस्किटासोबत हजार वेळा घेतलेला असतो, म्हणून नाक परस्पर ठरवून टाकतं की हे गोड. म्हणजे ज्याला आपण गोड वास म्हणतो ती पूर्वी खाल्लेल्याची, किंवा खायला न मिळालेल्याची, आठवण असते.

माझी दुसऱ्या जातीची.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. कोरडवाहू शेती, ऊस नाही, गुऱ्हाळ नाही. गूळ यायचा तो बाजारातून, गोणपाटात गुंडाळलेली ढेप. आजी ती फोडून मडक्यात भरायची आणि मडकं उतरंडीत सगळ्यांत खाली. वरची चार उतरवल्याशिवाय हात पोचायचा नाही. गूळ पाहुण्यांसाठी. उन्हातून माणूस आला की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. मग बापलोकांच्या चहाला. उरलाच तर भावाला, कारण तो शाळेत लांब चालत जायचा. मीही त्याच शाळेत, त्याच रस्त्यानं जायची, पण ते असो.

मी चोरायची. दुपारी सगळे झोपले की मडकी एकावर एक उतरवायची, आवाज न करता. हात धुवायची, चूळ भरायची, तरी आजीला कळायचंच. ती ओरडायची नाही. जवळ बोलवायची, माझी बोटं नाकाशी धरायची आणि म्हणायची, "कामून खाल्लीस गं? पोरीच्या जातीनं एवढं हावरं असू नये." गूळ नुसता धुऊन जात नाही, नखांत बसतो. मी पुढं राख लावून हात घासायला शिकले, तेव्हा आजी राखेवरून ओळखायला शिकली.

'गुरमाँ' या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात काढला तेव्हा खूप हसले. खादाड. फ्रेंच लोक सात महापापं मोजतात त्यात 'गुरमाँदीज' म्हणजे खादाडपणा येतो. दुकानदार ज्याला नाजूक, लाघवी वगैरे म्हणतात त्या बाटलीच्या जातीचं नावच मुळात आजीची शिवी! तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: सेंट माझा स्वभाव सांगतोच, पण तो गोड असल्याचं सांगत नाही. मी हावरी आहे, एवढंच सांगतो. मला पुस्तकं हावऱ्यासारखी लागतात, सुट्टी लागते, स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी घेतलेली वस्तू लागते. कडक आणि हावरं यांत विरोध कुठं आला? मडक्यांची उतरंड आवाज न करता उतरवायला शिस्तच लागते.

ज्यांना नाव विचारून घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. मार्च ते जून याच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडं पारा चाळीसच्या वर गेला की हा सेंट अंगावर राहत नाही, अख्ख्या बसमध्ये पसरतो, आणि शेजारची बाई पदर नाकाला लावते. मी उन्हाळ्यात खसाचं अत्तर लावते, तेही थेंबभर. थंडीतसुद्धा एकच फवारा, दुसरा मारायचा मोह झाला तर बाटली कपाटात ठेवून कुलूप लावा. पांढऱ्या साडीवर अजिबात नको, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन असलेले सेंट कपड्यावर पिवळट-तपकिरी डाग पाडतात. माझी एक चांगली इरकल त्यात गेली. आणि सुती कापडातून तो धुतल्यावरही लवकर जात नाही.

शेवटचं म्हणजे, तुमच्याजवळ बसलेल्याला भूक लागेल. खरंच लागते. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये सकाळी न खाता आलेली एखादी पोरगी असतेच, एसटीनं पन्नास किलोमीटरवरून आलेली, आणि माझी फेरी झाली की तिचा चेहरा उतरतो. म्हणून माझ्या पर्समध्ये फुटाणे असतात. गूळही असतो, मला चालत नाही तरी.