पक्षाच्या ऑफिसचं लाइटबिल कोण भरतं?

महापालिकेच्या तिकीटवाटपाचा विषय निघाला की आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर एकजण तरी हमखास म्हणणार, अमेरिकेत बघा, तिकडे उमेदवार लोकं मतदान करून ठरवतात, आपल्यासारखं रात्री दोनला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, नाही. खरंय. पण तिथली २०१६ची डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायची हिलरी क्लिंटन विरुद्ध बर्नी सँडर्स ही लढत, नीट वाचली ना, तर कळतं की मतं नीट मोजली तरीसुद्धा मॅच बरोबरीची असेलच असं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हिलरी क्लिंटनसाठी निधी गोळा करायचं जेवण होतं, यजमानांत हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनी आणि त्याची बायको अमल, आणि मुख्य टेबलावर दोन खुर्च्या हव्या असतील तर ३,५३,४०० डॉलर. बाहेर बर्नी सँडर्सचे समर्थक बोंब मारत होते, आणि खुद्द क्लूनीच नंतर टीव्हीवर म्हणाला की त्यांचं बरोबर आहे, हा पैसा लाज वाटावी इतका आहे. सँडर्स तेव्हा प्रत्येक भाषणात सांगायचे की माझी सरासरी देणगी २७ डॉलर.

आता तो ३,५३,४०० चा आकडा आला कुठून, इथे खरी गंमत आहे. उमेदवाराला एका माणसाने प्रायमरीसाठी द्यायची मर्यादा तेव्हा २,७०० डॉलर होती. पण पक्षाच्या राष्ट्रीय समितीला वर्षाला ३३,४०० देता यायचे आणि राज्याच्या पक्षसमितीला १०,०००. पूर्वी या सगळ्याच्या एकूण बेरजेवरही मर्यादा होती, ती २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मॅककचन खटल्यात काढून टाकली. मग क्लिंटन यांची मोहीम, राष्ट्रीय समिती आणि ३२ राज्यांच्या समित्या यांनी मिळून एक कॉमन फंड काढला, नाव हिलरी व्हिक्टरी फंड. ३२ गुणिले १०,००० अधिक ३३,४००, करा बेरीज.

कागदावर हा पैसा राज्यातल्या कार्यकर्त्यांसाठी, छोट्या निवडणुकांसाठी. प्रत्यक्षात मे २०१६ मध्ये पॉलिटिको या अमेरिकन वृत्तसंस्थेने हिशोब लावला तर ६.१ कोटी डॉलरपैकी राज्यांकडे १ टक्कासुद्धा राहिला नव्हता. पैसा राज्याच्या खात्यात यायचा आणि लगेच, कधीकधी तर त्याच दिवशी, राष्ट्रीय समितीकडे वळवला जायचा. यात बेकायदेशीर काही सिद्ध झालं नाही, पण आमदारकीच्या निवडणुकीसाठी म्हणून वर्गणी गोळा करायची आणि तालुक्याला फक्त पावतीपुस्तक ठेवायचं, हा प्रकार आपल्याला काही नवीन नाही.

पण माझा मुद्दा जेवणाच्या ताटाचा नाहीच. पक्ष कर्जात होता हा मुद्दा आहे. डोना ब्राझील नंतर पक्षाच्या हंगामी अध्यक्ष झाल्या, त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये लिहिलं की ऑगस्ट २०१५ मध्येच, म्हणजे एकही मत पडायच्या आधी, एक करार झाला होता. क्लिंटन यांची मोहीम पक्षासाठी पैसे उभे करणार आणि त्या बदल्यात पैसे कसे खर्च होणार, माध्यमांचं काम बघणारा माणूस कोण असणार, यात त्यांचा शब्द चालणार. करारात असंही लिहिलं होतं की हे सगळं मुख्य निवडणुकीच्या तयारीसाठी आहे, आणि तसा कॉमन फंड काढायची सोय सँडर्सनाही होती, त्यांनी ती जवळजवळ वापरलीच नाही, हेही सांगायला पाहिजे. आणि क्लिंटन तब्बल ३० लाखांपेक्षा जास्त मतांनी पुढे होत्या, त्यामुळे मतं चोरली वगैरे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. स्वतः ब्राझीलही म्हणाल्या की मतांमध्ये गडबड केल्याचा पुरावा सापडला नाही. (याच बाईंनी आधी क्लिंटनच्या लोकांना डिबेटचे प्रश्न गुपचूप पाठवले होते, ते वेगळंच.)

पण गल्लीत ज्याची बॅट त्याची बॅटिंग असते तेव्हा तो रडीचा डाव खेळलाच पाहिजे असं नसतं, बाकीची पोरं आपणहून त्याला आउट देत नाहीत. जुलै २०१६ मध्ये विकिलीक्सवर, म्हणजे गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या वेबसाइटवर, पक्षाचे ईमेल आले तेव्हा तेच दिसलं, ऑफिसातले लोक सँडर्सविषयी काय बोलतात ते, आणि अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना अधिवेशनाच्या तोंडावर राजीनामा जाहीर करावा लागला.

सगळ्यात कहर म्हणजे देणगीदारांनी पक्षावर फ्लोरिडात केस केली की तुम्ही निःपक्ष राहू असं सांगून पैसे घेतलेत, तर पक्षाचा वकील कोर्टात म्हणाला की पक्षाने ठरवलं असतं तर जुन्या काळासारखं मागच्या खोलीत बसून, सिगार ओढत उमेदवार निवडता आला असता. २०१७ मध्ये केस फेटाळली गेली.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे ती मागची खोली हीच अधिकृत पद्धत आहे. इच्छुकांनी अर्ज घ्यायचा, फी भरायची, कार्यअहवाल छापायचा, मुलाखतीला पन्नास माणसं घेऊन जायचं. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, पक्षाचं नाव नको, वर्षानुवर्षं बूथ सांभाळलं, मतदारयाद्या पाठ, आणि एबी फॉर्म मिळाला आदल्या आठवड्यात पक्षात आलेल्याला. कारण काय तर इलेक्टिव्ह मेरिट. म्हणजे काय हे विचारलं तर सगळे हसतात, कारण सगळ्यांना माहितीये की खर्च कोण करू शकतो ते.

चिडायला अमेरिकन माणसाकडे निदान कागद होता. कुठल्या राज्याला किती आले, किती गेले, हे तिथल्या निवडणूक आयोगाकडे वर्ष चालू असतानाच दाखल होत होतं, म्हणून पत्रकाराला बेरीज करता आली. आपल्याकडे पक्षाने २०,००० रुपयांवरच्या देणगीदारांची नावं द्यायची, तीही वार्षिक अहवालात, तोपर्यंत नगरसेवक शपथ घेऊन मोकळा. देणगीदाराचं नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखेसुद्धा २०१८ पासून चालले आणि नावं कळली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केल्यावर.

मला लगेच पुण्यात प्रायमरी नकोय, काँग्रेसने २०१४ ला थोड्या मतदारसंघांत करून बघितलं होतं आणि पुढे ते मागेच पडलं. मला एवढंच पाहिजे की अर्जाच्या फीचे एकूण किती जमले आणि प्रत्येक प्रभागात इच्छुक कोण कोण होते, ही यादी एबी फॉर्म वाटायच्या आधी शहर कार्यालयाच्या दारावर लावा. ताई म्हणाल्या, लावतील रे, पण रात्री दोनला.