ह्यूस्टनच्या सपाट रस्त्यावर १:०४:००

इथे अमेरिकेत ऑलिंपिकचा मॅरेथॉन संघ एकाच निवड शर्यतीतून ठरतो. त्या शर्यतीला उभं राहायलाच पात्रता वेळ लागते, आणि ती अर्धमॅरेथॉन धावूनही मिळवता येते. २०२० च्या निवडीसाठी पुरुषांना १:०४:००, म्हणजे एक तास चार मिनिटं, हवे होते. जिम वॉल्म्सली हा डोंगरातला माणूस, अल्ट्राचा म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतींचा धावपटू. कॅलिफोर्नियाची शंभर मैलांची वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत त्याने २०१८ मध्ये १४ तास ३० मिनिटं ४ सेकंदांत विक्रमी संपवली होती. जानेवारी २०१९ मध्ये तो ह्यूस्टनला आला आणि धावला बरोबर १:०४:००.

हिशेब करून बघा. किलोमीटरला ३:०२ चा पेस, म्हणजे दर किलोमीटर ३ मिनिटं २ सेकंदांत, शेवटपर्यंत धरला, तर २१.०९७५ किमीला ६३ मिनिटं ५९.७ सेकंद होतात. रस्त्यावरच्या शर्यतीत अपूर्ण सेकंद पुढच्या पूर्ण सेकंदात मोजतात, म्हणजे १:०४:००. शिल्लक काय, तर सेकंदाचे तीन दशांश! ५ किमीला १५:१०, १० ला ३०:२०, १५ ला ४५:३०, २० ला १:००:४०.

इथेच घात होतो. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेत. वळणं बाहेरून घेत एकूण २० मीटर जास्त पडले, तर या वेगाला साडेतीन सेकंद गेले. जीपीएस घड्याळावर तर विसंबूच नये. ते बहुधा अंतर जास्त दाखवतं. पडद्यावर ३:०१ दिसतं आणि प्रत्यक्षात आपण मागे असतो. घड्याळ दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदतं ते ऑटो-लॅप बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबावं.

अल्ट्राच्या पायांत दम भरपूर असतो, झटका नसतो. सहा-सहा तासांच्या धावांनी पाऊल आखूड होतं, जमिनीला चिकटतं. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात सराव करणाऱ्यांना हे लगेच पटेल. म्हणून लांब धाव दोन तासांवर आणावी. आठवड्यातून दोनदा २० सेकंदांच्या आठ मोकळ्या स्ट्राइड (छोट्या वेगवान धावा), एकदा शर्यतीच्या पेसने १ किमीचे आठ तुकडे, मध्ये ९० सेकंद जॉग. पातळ रेसिंग बूट आयत्या वेळी काढले की पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते. तीन-चार आठवडे आधीपासून छोट्या धावांत घालावेत.

वॉल्म्सली सराव करायचा त्या फ्लॅगस्टाफची उंची सुमारे २,१०० मीटर. तिथे हवा विरळ, ३:०२ चा पेस फार लवकर दमवतो. म्हणून तिथले धावपटू वेगाच्या सरावाला गाडीने खाली, कमी उंचीवर उतरतात. हा खटाटोप मला योग्यच वाटतो, कारण पायांना खरा वेग कळावा लागतो.

अल्ट्रात पहिला तास हाच वॉर्म-अप. अर्धमॅरेथॉनला तीन किमी जॉग आणि चार स्ट्राइड आधीच व्हायला हव्यात, नाहीतर पहिला किलोमीटर जड जातो आणि तो भरून काढताना दहाव्या किमीला श्वास फुटतो. खाण्याचं म्हणाल तर एक जेल (धावताना घ्यायचं साखरेचं दाट पाकीट) पुरे.

२९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटाच्या चढउतारांवर वॉल्म्सली आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला: २:१५:०५, २२ वा. पुढे २०२४ साठी अर्धमॅरेथॉनची वेळ १:०३:०० झाली, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटांच्याही आत.