आयजीपीयूला वेगळं काम दिलं आणि जमलं! (फोंडा, तिसरा आठवडा)

मंडळी, शेवटी जमलं. माझा सेटअप तोच, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्याच्या आतलाच ग्राफिक्स भाग (आयजीपीयू) वेगा ७, आणि सोबत आरएक्स ६६०० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड. इतके दिवस मी एकाच गोष्टीच्या मागे होतो, दोन्ही जीपीयूंनी (ग्राफिक्स चिपांनी) मिळून एकच फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, काढावी. एएमडीने २०११ मध्ये लानो एपीयूबरोबर (आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) ड्युअल ग्राफिक्स आणलेलं ते हेच, पण आता तो मार्ग बंद, आणि विंडोजमधल्या गेमच्या ग्राफिक्ससाठीच्या डायरेक्टएक्स १२ मध्ये सोय असली तरी ती गेम बनवणाऱ्यांनीच करायची असते, करतात फारच थोडे. मग कामं वाटून दिली. गेम आरएक्सने काढायचा आणि दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स लॉसलेस स्केलिंग या प्रोग्रॅममधून वेगा ७ ने तयार करायच्या.

यात मॉनिटरची केबल कार्डाला नाही तर मदरबोर्डाला लावायची, कारण शेवटची फ्रेम वेगाकडूनच बाहेर पडते. माझं पहिल्या दिवशी झालं असं की केबल लावली तर स्क्रीन काळीच, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू ऑटोवर होता, कार्ड दिसलं की तो आपोआप बंद होत होता, तो चालू केला. मग सायबरपंक हा गेम उघडला तर १४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला १४ फ्रेम्स! अर्धा तास डोकं खाजवलं, गेम वेगावरच चालत होता. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला आरएक्स नेमून दिलं आणि लॉसलेस स्केलिंगमध्ये वेगा निवडला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तरी अडकत होतं. कारण रॅम. माझ्याकडे १६ जीबीची एकच काडी होती, आणि वेगाला स्वतःची मेमरी नसते, सगळं रॅममधूनच. डीडीआर४-३२०० च्या एका काडीतून सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो, दोन लावल्या की ५१.२. गेल्या शनिवारी भर पावसात म्हापशाला जाऊन ८ च्या दोन आणल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. लॅच टक्क करून बसला तो आवाज मला अजून आठवतोय, खरंच.

आता आकडे, १०८०पी, हाय सेटिंग, माझ्या मशीनवरचे. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स बनवणं) नसताना ६६-६८ एफपीएस. एकट्या आरएक्सवर दोन्ही कामं टाकली की मूळ फ्रेम्स ५२ वर येतात. वेगाला काम दिल्यावर मूळ ६० वर लॉक करून पडद्यावर १२०, आणि गेममधल्या पावसातल्या रात्रीच्या बाजारातही डळमळत नाही. लॉसलेस स्केलिंगमधला फ्लो स्केल (हालचाल किती बारकाईने मोजायची ते) मात्र ५० वर आणि परफॉर्मन्स मोड (काम हलकं करणारा) चालू ठेवावा लागला, नाहीतर वेगाचा जीव जातो. गेममध्ये गाडी झपकन वळवली की कडेला थोडं धुरकट दिसतं, ते मला चालतं.

कीबोर्डचा प्रतिसाद मात्र ६० चाच राहतो, किंचित कमीच, त्यामुळे शूटर (गोळीबाराचे गेम) खेळणाऱ्यांनी यात पडू नये असं माझं मत. चतुर्थीला मोठा भाऊ मुंबईहून येतोय, तो रोज शूटर खेळतो, त्याला काही न सांगता बसवणार आहे, हाताला फरक लागतो का बघू. तोवर फ्लो स्केल ६० करून बघतो.