नवतपा, वरची खोली आणि माझा गेमिंग लॅपटॉप

गेमिंग लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की सगळे ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम किती, स्क्रीन किती हर्ट्झची एवढंच विचारतात, मीपण तेवढंच विचारलं होतं, पण नागपुरात राहणाऱ्याने आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे मे महिन्यात दुपारी तीन वाजता, वरच्या माळ्यावरच्या खोलीत, स्लॅब तापून भट्टी झालेला असताना हा लॅपटॉप किती वेळ धावू शकेल. याचं उत्तर बॉक्सवर छापलेलं नसतं. मला ते मिळायला तीन उन्हाळे लागले आणि ते सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं कधीपासून डोक्यात होतं.

लॅपटॉप २०१९ च्या दिवाळीत बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून घेतला, ९० हजाराला थोडे कमी. प्रोसेसर आय-७ ९७५०एच, म्हणजे सहा कोर बारा थ्रेड, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० टीआय ६ जीबीवालं, स्क्रीन १४४ हर्ट्झ. दिवसा त्यावर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंटिरिअरचे रेंडर, म्हणजे तयार चित्रं काढायची आणि रात्री गेम, असा सरळ हिशोब होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना लागू पडतं.

दिवाळी ते होळी काहीच त्रास नाही. थंडीत तर रेड डेड रिडेम्प्शनसारखा जड गेमपण आरामात चालायचा, मी खूष. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन, ऑफिस बंद, सगळं काम त्या वरच्या खोलीत, आणि एप्रिल संपता संपता गेम मधूनच अडखळायला लागला. आधी मला वाटलं ड्रायव्हरचा प्रॉब्लेम, मग वाटलं विंडोज, दोनदा फॉरमॅट मारला, काही फरक नाही. सेकंदाला १२० फ्रेम चालू असताना एकदम ५०, परत १२०, परत ५०. जूनमध्ये व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम आला, मुंबईचा सर्व्हर, पिंग म्हणजे नेटचा विलंब अगदी कमी, आणि तरी ऐन गोळी झाडायच्या वेळी चित्र गोठायचं. रडकुंडीला आले होते खरंच.

मग एचडब्ल्यूइन्फो हे टेम्परेचर वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि आकडे बघितले तर प्रोसेसर १०० डिग्रीला टेकलेला. ९७५०एच ची हद्दच १०० आहे, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला क्लॉक म्हणजे स्पीड खाली ओढतो, थंड झाला की परत वर चढतो, परत तापतो, आणि आपल्याला ते अडखळणं म्हणून दिसतं. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. चिप खराब नव्हती, उलट ती स्वतःचा जीव वाचवत होती.

इथे एक साधं गणित आहे जे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझे दोन फॉरमॅट वाचले असते. पंखा काही हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत ओढतो आणि तीच तांब्याच्या पाइपांवरून फिरवून बाहेर टाकतो. म्हणजे खोली २७ ला आणि प्रोसेसर ८५ ला असेल तर फरक झाला ५८ चा. आता तोच गेम, तीच सेटिंग, पण खोली ४२ वर. ४२ अधिक ५८ किती? बरोब्बर १००. जानेवारीत जो लॅपटॉप सुखात होता तोच मे महिन्यात काठावर येऊन बसतो आणि यात कोणाचीच चूक नसते. थंड एसी हॉलमध्ये बसून केलेले रिव्ह्यू बघून आपण लॅपटॉप घेतो तेव्हा हे लक्षातच येत नाही. पुण्यातली माझी मैत्रीण सेम चिपवर मजेत खेळत होती आणि मी तिला विचारत बसले होते की तुझ्याकडे कोणता ड्रायव्हर आहे.

पहिला उपाय केला तो अंडरव्होल्टचा, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करण्याचा, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. कारखान्यातून लाखो चिप निघतात, काही चांगल्या, काही जरा कमी, त्यामुळे सगळ्यांना थोडं जास्तीचं व्होल्टेज देऊन ठेवतात म्हणजे कमजोरातली कमजोर चिपपण चालावी. तुमची चिप चांगली असेल तर ते जास्तीचं व्होल्टेज नुसतं उष्णता होऊन जातं. आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १.१ व्होल्टमधून ०.१२ काढले तर त्याच स्पीडला वीज जवळपास पाचव्या हिश्शाने कमी लागते. स्पीड तेवढाच, ताप कमी.

थ्रॉटलस्टॉप नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एफआयव्हीआर नावाच्या व्होल्टेजच्या खिडकीत कोर आणि कॅश या दोघांचंही व्होल्टेज सारखंच खाली आणायचं, नुसतं कोरचं आणलं तर पाहिजे तसा फरक पडत नाही. उणे ५० मिलिव्होल्ट, अर्धा तास गेम. उणे ८०, परत अर्धा तास. उणे १००. उणे १४० ला निळी स्क्रीन आली, मग मागे येऊन उणे १२० वर थांबले आणि रात्रभर रेंडर लावून ठेवला, सकाळी उठून बघते तर पूर्ण झालेला. सिनेबेंच आर२० या प्रोसेसरच्या स्पीड-चाचणीत आधी २४०० च्या आसपास गुण यायचे ते २७५० वर गेले. एक रुपया खर्च नाही, एक स्क्रू उघडला नाही. मी त्या दिवशी घरात सगळ्यांना ते आकडे दाखवले.

आणि मग त्याच पावसाळ्यात, एका रात्री अपडेटमधून नवा बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, येऊन बसला. सकाळी थ्रॉटलस्टॉप उघडलं तर तिथे ‘लॉक्ड’ लिहिलेलं. झालं असं होतं की डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाची एक फट जाहीर केली होती, व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित भागातली माहिती काढता येते असं त्यांनी दाखवलं, आणि त्यावर उपाय म्हणून बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्होल्टेज बदलायची सोयच बंद करून टाकली. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे, पण घरी बसून स्वतःच्या मशीनवर गेम खेळणाऱ्याला निदान विचारून तरी बंद करायचं, हो-नाही असा एक पर्याय द्यायचा, जबाबदारी आमच्यावर ठेवायची. जुन्या बायोसवर जायची वाटपण बंद केलेली होती. अजूनही त्याचा राग जात नाही.

मग दुसरा रस्ता. व्होल्टेजला हात लावू देत नाही ना, ठीक आहे, पण टर्बोचा गुणक, म्हणजे चिपचा वरचा स्पीड ठरवणारा आकडा, बदलता येत होता. सहाही कोर चालू असताना ही चिप ४ गिगाहर्ट्झपर्यंत जायला बघते, तिला ३५ वर, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झवर अडवलं. स्पीड कमी झाला की चिप आपोआप कमी व्होल्टेज मागते. तुम्ही म्हणाल परफॉर्मन्स गेला, पण बहुतेक गेममध्ये अडलेलं असतं ग्राफिक्स कार्डापाशी, त्यामुळे सरासरी दोन-चार फ्रेम इकडेतिकडे आणि ते अडखळणं मात्र पार बंद. मला १२० आणि ५० च्या झोक्यांपेक्षा सलग ९५ कधीही चालतील. ग्राफिक्स कार्डालाही तसंच केलं, आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-स्पीडचा आलेख उघडतो, त्यात ८०० मिलिव्होल्टला १७०० मेगाहर्ट्झचा बिंदू धरून पुढची सगळी रेष सपाट केली. इथे कोणी कुलूप लावलेलं नव्हतं. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचे पाइप एकत्रच आहेत, त्यामुळे एकाला थंड केलं की दुसऱ्यालाही आराम.

रॅम एकच ८ जीबीची पट्टी होती, तिच्या जोडीला दुसरी टाकली, ड्युअल चॅनेल झालं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करायला लागल्या, आणि फ्रेम सगळ्यात खाली जायचे तो आकडा चांगलाच वर आला. ज्यांच्याकडे एकच पट्टी आहे त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे करा.

खरं काम सुरू झालं ते वॉरंटी संपल्यावर, २०२२ च्या जानेवारीत. खालचं झाकण पहिल्यांदा उघडलं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या त्या जागी टोचून ठेवले. झाकणाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत एकेक खटका सोडवला. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, त्याशिवाय कुठेच हात लावायचा नाही. पंखे वरून बघितले तर साफ दिसत होते, मला वाटलं चला काही धूळ नाही. पण पंखा उचलला आणि त्याच्या तोंडाशी, जिथून हवा पितळी-तांबूस जाळीत शिरते, तिथे करड्या रंगाची एक अख्खी गादी बसलेली, चिमटीत धरून उचलली तर पट्टीसारखी सलग निघून आली, बोटाएवढी रुंद, मऊ, त्यात आमच्या मांजरीचे केस, उशीचा कापूस, सगळं. दोन वर्षं पंखा त्या गादीवर हवा फुंकत होता. बाहेरून कॉम्प्रेसरने कितीही हवा मारली असती तरी ती निघाली नसती, आणखी आत दाबली गेली असती. (हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं.)

बाबा तेव्हा बाजूला येऊन बसले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्यभर इंजिनं उघडली, पण लॅपटॉपला कधी हात लावला नव्हता. मी हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग, परत बसवत होते आणि एक स्क्रू पूर्ण आवळायला घेतला तर म्हणाले, "एकदम नको आवळू बेटा. एकीकडून आवळलं की हेड वाकते. थोडं इथं, मग त्याच्या समोरचा, मग परत." आणि खरंच हीटसिंकवर स्क्रूंच्या शेजारी बारीक १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले होते, समोरासमोरच्या क्रमाने. मी ते दाखवल्यावर त्यांनी चष्मा पुढे ओढून बघितलं आणि म्हणाले, "हे तर सिलिंडर हेडच आहे." तेव्हापासून वर पंखे जोरात सुटले की खालून विचारतात, "काहून ओरडून राहिला तो? किती झालं?" आणि मी आकडा सांगते.

पेस्टचं, म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टचं, मात्र माझं एकदा चुकलं. पहिल्यांदा बाजारातली चांगली महागडी पेस्ट लावली, टेम्परेचर १२ डिग्री उतरलं, आणि मे येईपर्यंत परत जिथल्या तिथे. उघडलं तर चिपच्या मधोमध पेस्ट जवळपास उरलीच नव्हती, सगळी कडेला सरकलेली. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, उघडा सिलिकॉन असतो, तो तापून-निवून सतत जरासा फुगतो आणि आकसतो आणि पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलतो. पंप-आउट म्हणतात याला. त्यावर इलाज म्हणजे हनीवेलचं पीटीएम७९५०, हे पेस्ट नसून पातळ कागदासारखी पट्टी असते, ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि थंड झाली की परत घट्ट, त्यामुळे वाहून जात नाही. लावायच्या आधी पट्टी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची म्हणजे वरचं प्लास्टिक नीट सुटतं. आता माझी खोलीच ४२ वर असते, तिथे ही पट्टी हातात घेईपर्यंत लोण्यासारखी व्हायची, पहिली वाया गेली. दुसरी मी पहाटे साडेपाचला लावली, चिप आधीच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तयार, धाकटा भाऊ खालून फ्रीजमधली पट्टी घेऊन पळत वर आला. ती अजून तशीच आहे, टेम्परेचर हललेलं नाही.

आता कूलर. आमच्याकडे सगळ्यांकडे असतो तोच, लोखंडी टपाचा, वाळ्याच्या ताट्यांचा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४४ असताना कूलरसमोर सहज ३० च्या घरात येतं, आणि वरच्या गणितात ते तेवढंच्या तेवढं वजा होतं. कोणताही कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्याचा स्टँड, हे करू शकत नाही, माझ्या पॅडने जेमतेम दोन डिग्री कमी केले, मागच्या दोन कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची झाकणं ठेवून तेवढंच काम होतं. फक्त कूलरच्या थेट तोंडासमोर लॅपटॉप ठेवायचा नाही, तुषार उडतात. आणि पाऊस सुरू झाला की कूलर बंद, दमट हवेत तो काही थंड करत नाही, नुसती ओल वाढवतो.

यंदाच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर लावून, ३.५ वर अडवून, व्हॅलोरंटमध्ये तास-दीड तास खेळल्यावर प्रोसेसर ७८ आणि कार्ड ७१. लाईट गेली की मात्र खेळ संपला, बॅटरी एवढी वीज देऊच शकत नाही, फ्रेम धाडकन ३० वर.

आणि आता बॅटरीचाच नंबर आहे. सुरुवातीची दोन वर्षं रात्रंदिवस चार्जर लावून १०० टक्क्यांवर ठेवली, वर ती उष्णता, मग ६० टक्क्यांची मर्यादा लावली पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं, एचडब्ल्यूइन्फोमध्ये ३४ टक्के झीज दाखवतंय. गेल्या आठवड्यात टचपॅडची एक कडा जराशी वर आल्यासारखी वाटली तेव्हा लगेच चार्जर काढला, झाकण उघडून ती फुगलेली बॅटरी बाहेर काढून ठेवली, फुगलेल्या बॅटरीशी खेळ नाही. नवी ऑर्डर केली आहे, शुक्रवारी येईल. बाबांनी स्वतःचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर शोधून टेबलावर आणून ठेवलाय, या वेळचे स्क्रू ते आवळणार आहेत.