एकदा तुकडा नॉर्मल आला, मग पुन्हा दुर्बीण कशाला?

मुलांच्या पोटविकारांच्या ओपीडीत हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्या आईच्या हातात जाडजूड फाइल असते. पोराचे पाय, पापण्या सुजलेल्या, अधूनमधून जुलाब, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन घसरलेलं. लघवीतून प्रोटीन जात नाही, लिव्हर ठणठणीत, दुर्बिणीतून तपासणीसाठी काढलेला आतड्याचा तुकडाही (बायोप्सी) नॉर्मल. आता लेकराला पुन्हा भूल द्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. खाल्लेल्या तेला-तुपातला बराचसा भाग लहान आतड्यातून थेट रक्तात जात नाही, आधी लसिकावाहिन्यांत, म्हणजे लसिका नावाचा रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत उतरतो. काही मुलांत या वाहिन्यांची घडणच जन्मतः सदोष असते. त्या फुगतात, आणि त्यांतला रस आतड्यात झिरपतो. याला इंटेस्टायनल लिम्फँजिएक्टेशिया म्हणतात; थॉमस वाल्डमन या अमेरिकन डॉक्टरांनी 1961 साली या आजाराचं वर्णन केलं. रसाबरोबर अल्ब्युमिनच नव्हे, अँटिबॉडी आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीही वाहून जातात, म्हणून फाइलमध्ये मी हे तिन्ही आकडे शोधते. तिन्ही खाली असले की संशय बळावतो. शौचात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे रक्तातलं प्रोटीन वाढलेलं सापडलं, की गळती आतड्यातूनच आहे हे नक्की होतं.

पण कुठून? दोष आतड्यात सलग नसतो, ठिकठिकाणी असतो. मधल्या चांगल्या जागेचा तुकडा घेतला तर रिपोर्ट चांगलाच येणार. शिवाय नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीलाच थांबते. पुढचं बघायला गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल किंवा फुग्याच्या आधाराने पुढे सरकणारी बलूनची दुर्बीण लागते. त्यात उपाशीपोटी वाहिन्या फारशा भरलेल्या नसतात. म्हणून आदल्या रात्री मी मुद्दाम लोणी-तूप घातलेलं जेवण द्यायला सांगते. मग सकाळी पडद्यावर, गुलाबी अस्तरावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके उठून दिसतात. तुकडा तिथलाच घ्यायचा. नुसत्या ठिपक्यांवर मात्र भागत नाही. तुपकट जेवणानंतर ते निरोगी आतड्यातही दिसू शकतात.

तुकड्यात फुगलेल्या वाहिन्या दिसल्या तरी हृदयाची इको मी करतेच. हृदयाचं आवरण आवळलं किंवा टीबीच्या गाठींनी वाट अडवली, तरी ह्याच वाहिन्या तुंबतात आणि उपचार पार बदलतो.

दोष जन्मजात ठरला तर नेहमीचं तेल-तूप अगदी कमी करून एमसीटी (मध्यम साखळीच्या फॅटचं) तेल द्यावं लागतं, कारण ते लसिकेत न शिरता सरळ लिव्हरकडे जातं. बऱ्याच मुलांची सूज त्याने उतरते. पण हे पथ्य वर्षानुवर्षांचं. वाढत्या वयात ताट वेगळं, दिवाळीचा फराळ बंद. नुसत्या संशयावर ते पोरावर लादायला माझं मन धजत नाही, म्हणून मी दुसरी दुर्बीण मागते.